पिस्तूल लावून पळणारे मामा

भिऊन पळणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. मी स्वतः त्यांतलाच एक. पण भिण्याची सगळी तयारी आदल्या दिवशी करून ठेवायची, उजाडता उठून कमरेला पिस्तूल लावायचं, तीन मैल शिस्तीत पळून यायचं आणि घरी आल्यावर ताक पिता पिता "आज बी कोन गावलं न्हाई" असं निराशेनं सांगायचं, असा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून एकच झाला. ते आमच्या हिचे सख्खे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. गाव विट्याच्या बाजूचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथलं कुणीतरी हे वाचून म्हणेल, "आरं, ह्यो त्योच मास्तर," आणि ते मला नको आहे. मी मूळचा माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडचा. शाळेत नोकरी लागली म्हणून या गावात आलो आणि सव्वा वर्षात गावचा जावई होऊन बसलो. लोकांनी मला डोक्यावर घेतलं, मामांनी तर जास्तच. त्याची परतफेड मी कशी केली ते सांगायला बसलोय खरा, पण आधी थोडं हसून घेऊ. पुढचं सांगायला मला तेवढाच धीर येईल.

मामांची तीस वर्षं कोइमतूरकडं गलाईच्या धंद्यात गेली. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं, मिसळीचं सोनं-चांदी आणायचं, मुशीत आटवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. आमच्या भागातली माणसं या एका विद्येवर देशभर पसरलीत. कुठल्याही परमुलखातल्या सराफकट्ट्यावर उभं राहून "काय रं गड्या" अशी हाक मारा, एकतरी मुंडकं वळणारच. लोकांचं सोनं सांभाळायचं म्हणून मामांनी तिकडं असतानाच रीतसर परवाना काढून एक लहानसं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. मूठ सोडली तर तळहातात मावेल एवढंच. गाव त्याला पिस्तूल म्हणे. मामा मात्र 'हत्यार' म्हणत, आणि तेही आवाज खाली आणून, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावं तसं. साठी आली तशी दुकान मुलाच्या हाती देऊन मामा-मामी गावी परतले. येताना हत्यार आणलं आणि साखरेचा आजारही आणला. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, रोज तासभर चाला, नाहीतर एक दिवस पायाला मुकाल. चालणं हा शब्दच मामांना अपमानाचा वाटला. मला म्हणाले, "चालायचं काय त्यात, जावईबापू? चालत्यात तर सगळीच. आपुन पळनार!"

पळायचा पोशाख त्यांनी स्वतःच ठरवला. गुडघ्याखाली दोन रबरांनी आवळलेला पांढरा पायजमा, वर बिनबाह्यांची बंडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर टोपी, कारण बोडक्यानं घराबाहेर पडायचं त्यांच्या जिवावर यायचं. या सगळ्यावर चामड्याचा रुंद पट्टा आणि उजव्या अंगाला चामड्याच्या कव्हरात हत्यार. निघताना उंबऱ्यात थांबून ते अशा आवाजात "येतो गं" म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस थेट सरहद्दीवर निघालाय. आतून मामींचा आवाज येई, "आवं, तळ्याकडंच चाललाय न्हवं? येताना शेवग्याच्या शेंगा आना चार." मामा पळताना उडत फार, पण पुढं फारसे सरकत नसत. बांधावरून गवताचे भारे घेऊन येणाऱ्या बायका मागून येत आणि म्हणत, "मामा, वाईच कडंला व्हता का?" मग मामा जागच्या जागी पळत कडेला होऊन त्यांना वाट देत आणि वर अभयही देत, "जावा बायांनो फुडं. भिऊ नगा, मी हाय मागं." बायका भाऱ्याखाली हसत हसत लांब निघून जात आणि मामा बराच वेळ त्यांचं रक्षण करत मागं राहत.

वाट गावच्या वेशीपासून पाझर तलावापर्यंत. दोन्ही बाजूंना बाभळी, निवडुंग आणि माळ. त्या माळावर चोर कशाला येईल, त्याला न्यायला तिथं मिळणार काय, हा प्रश्न मामांना पडायचा नाही. हालचाल दिसली की ते थांबत. एकदा निवडुंगाच्या फडाआड काहीतरी पांढरं हललं. मामांनी कव्हराचं बटण सोडलं आणि ओरडले, "कोन हाय त्ये? हात वर!" निवडुंगामागून आधी दोन हात वर आले, मग 'टण्ण' असा आवाज झाला. तो आवाज टमरेल पडल्याचा होता आणि हात आमच्या हेडमास्तरांचे होते. पुढची दोन मिनिटं फार अवघड गेली असणार, कारण हात खाली घ्या असं सांगायचं मामांना सुचलं नाही आणि सांगितल्याशिवाय हात खाली घ्यायचा धीर हेडमास्तरांना झाला नाही. शेवटी मामाच म्हणाले, "आवं गुर्जी, तुमी व्हय? चालू द्या, चालू द्या!" त्या दिवसापासून हेडमास्तर गावाच्या दुसऱ्या अंगाला जाऊ लागले.

दुसरा प्रसंग धनगराच्या कुत्र्याचा. थंडीत माळावर मेंढरं बसायला येत आणि त्यांच्याबरोबर राखणीची कुत्री. त्यांतलं एक तांबडं कुत्रं मामांच्या अंगावर धावून आलं. मामांनी हत्यार बाहेर काढलं, दोन्ही हातांनी धरलं आणि कुत्र्यावर रोखून "पो! पो!" असं ओरडायला लागले. पो म्हणजे तमिळमध्ये 'जा'. तीस वर्षांत नको त्या माणसांना त्यांनी याच शब्दानं घालवलं होतं, ऐन वेळी दुसरा शब्द तोंडात आलाच नाही. कुत्र्यानं आयुष्यात तमिळ ऐकलेलं नसावं. ते थबकलं, मान वाकडी करून मामांकडं बघत राहिलं. तेवढ्यात म्हातारा धनगर आला आणि शांतपणे म्हणाला, "आवं मामा, त्येला न्हाई कळायचं त्ये. ते ठिवा आत आन् खाली बसा." मामा खाली बसले. कुत्र्यानं येऊन त्यांचे बूट हुंगले, टोपी हुंगली, हत्यार हुंगलं आणि शेपूट हलवलं. "झाली वळख," धनगर म्हणाला. "आता उद्यापास्नं काय करनार न्हाई." नुसतं तेवढ्यावर भागलं नाही. मेंढरं माळावर होती तोवर ते कुत्रं रोज तळ्यापर्यंत मामांच्या पुढं पळत होतं, आणि मामा सगळ्यांना सांगत होते की जनावराला हत्याराची किंमत बरोबर कळते.

पण मामांचा खरा कस लागे तो निवडणुकीत. निवडणूक जाहीर झाली की परवानावाल्यांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागल्यावर परत न्यायची, असा नियम. आणि त्या वर्षांत तर सरकारं अशी कोसळत होती की एका निवडणुकीचा रंग भिंतीवरून उतरायच्या आत दुसरी दारात! मामा हत्यार पिशवीत घालून ठाण्यात जात, ठाणे अंमलदाराला चार-चारदा बजावत, "सर्दीत ठिवू नगा हं, पुसून ठिवा," आणि पावती घेऊन पडल्या चेहऱ्यानं परत येत. मला वाटलं, आता महिनाभर पळणं बंद. कसलं बंद? दुसऱ्या दिवशी मामा पट्टा लावून हजर. कव्हर तसंच, बटण लावलेलं. मी विचारलं, "मामा, आत काय आहे?" त्यांनी बटण काढलं आणि घडी घातलेली पावती दाखवली. म्हणाले, "चोर आलाच, तर दावायची. गड्या, आमचं हत्यार सरकारजमा हाय. निकाल लागंस्तवर दम धर!" हे ते हसत म्हणाले की खरंच, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पण पावती लावलेल्या दिवसांत मामा नेहमीपेक्षा जोरात पळायचे, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

ते जोरात का पळायचे, हे मला एका सकाळी तळ्यावर कळलं. घरी पाहुणे आले होते म्हणून मामांना बोलवायला मी सायकल मारत गेलो. मामा बांधावर बसून रुमालानं हत्यार पुसत होते. मी चार हात लांब थांबलो. ते म्हणाले, "या की जवळ. काय करत न्हाई त्ये." आणि त्यांनी गोळ्यांची चकरी बाजूला काढून दाखवली. सहाही घरं रिकामी. मामा म्हणाले, "बारा वर्सं झाली, रिकामंच हाय. गोळ्या देवाऱ्यात, अंगाऱ्याच्या डब्यात. तुमच्या मामीला वाटतंय, अंगाराच हाय." मग त्यांनी सांगितलं. तिकडं दुकानात एका संध्याकाळी ते एकटेच मुशीपुढं बसले होते. दार ढकलून एक माणूस एकदम आत शिरला. मामांनी मान वर केली, त्याच्या हातात लोखंडाचं काहीतरी दिसलं आणि त्यांनी गोळी झाडली. गोळी त्या माणसाच्या कानाला चाटून चौकटीत घुसली. तो शेजारच्या दुकानातला कारागीर होता, सकाळी नेलेला चिमटा परत द्यायला आलेला. "मानूस वाचला, जावईबापू," मामा म्हणाले, "पन त्येचं त्वांड आजून दिसतंय मला. चिमटा तसाच फुडं धरून हुबा. त्या दिसापास्नं गोळी घालायची न्हाई म्हनलं. गोळी आत आसली की मानूस इचार करत न्हाई."

मी विचारलं, "मग हे रिकामं ओझं रोज बाळगता कशाला?" मामांनी आजूबाजूला बघितलं. तिथं पाण्याशिवाय कुणी नव्हतं, तरी बघितलं. "हसनार न्हाई न्हवं? मला भ्या वाटतंय. लय भ्या वाटतंय. तीस वर्सं चार भित्तीत काढली, ह्या मोकळ्या माळावर एकल्याचं पाय उचलत न्हाईत माजं. कमरंला वजन आसलं की उचलत्यात. डाक्टर म्हनला पाय जातील, म्हनून पळायचं. आन् पळाय जमावं म्हनून हे लावायचं. नुसती पावती आसली की भ्या दुप्पट, मंग जीव घिऊन पळायचं. दुसरं काय न्हाई." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "कुनाला बोलू नगा. लोकास्नी ते भरल्यालं वाटतंय तवर मला बी वाटतंय." मी म्हणालो, "देवाशपथ नाही बोलणार, मामा." आणि मी तेव्हा अगदी मनापासून बोललो होतो. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. मनापासून घेतलेली शपथ मी किती दिवस पाळू शकतो, तेवढं कळावं म्हणून सांगतोय.

आता माझ्याविषयी. मला बोलायची फार हौस. शाळेचं संमेलन असो, कुणाचा निरोप समारंभ असो, लग्नातली पंगत असो, चार माणसं हसवल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे. त्या वर्षी गणेशोत्सवात मंडळानं साताऱ्याहून एक विनोदी वक्ता बोलावला होता. आरती झाली, मंडप भरला, आणि निरोप आला की त्यांची एसटी वाटेत बंद पडली. कार्यकर्ते माझ्याकडं धावले, "मास्तर, तुमीच आता आबरू राखा." मी नको नको म्हणत, मनातून खूश होऊन, माईकपुढं उभा राहिलो. पाव तास बरा गेला. मग माझ्याकडचं सगळं संपलं. ते सगळं गावानं आधी ऐकलेलं होतं. मागं कुजबुज सुरू झाली, दोन-चार जण उठले. आणि समोर पहिल्या रांगेत, मंडळानं मानानं दिलेल्या खुर्चीवर मामा बसले होते. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि चेहऱ्यावर सरळसरळ लिहिलेलं: आमचा जावई बोलतोय!

मी हेडमास्तरांचा प्रसंग काढला. दोन्ही हात वर करून उभा राहिलो आणि तोंडानं 'टण्ण' केलं. मंडप कोसळायचा बाकी राहिला. उठलेली माणसं परत बसली. मामाही हसत होते, उपरण्यानं डोळे पुसत होते. मग कुत्रं सांगितलं, "पो पो" करून दाखवलं. मग पावती. हशा एवढा वाढला की मला माझाच आवाज ऐकू येईना. मी तिथं थांबलो असतो तर आज हे सगळं नुसतं गमतीचं राहिलं असतं. पण माझ्या बोलण्यावर इतकी माणसं एकदम कधी हसली नव्हती. मला अजून पाहिजे होतं. मी माईक जवळ ओढला आणि म्हणालो, "आणि मंडळी, खरी गंमत तर पुढंच आहे. त्या पिस्तुलात गोळीच नाही! पिस्तूल कमरेला, गोळ्या अंगाऱ्याच्या डब्यात, आणि आमचे मामा तळ्यावर थरथर कापतायत!"

तेवढ्या टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. मी मामांकडं बघितलं. ते अजून हसतच होते; तोंडावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळे माझ्याकडं लागले होते. मग हळूहळू ते हसू गेलं. ते उठून गेले नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत बसले, प्रसाद घेतला आणि जाताना मला म्हणाले, "चांगलं झालं भाषान. लोकं लय हसली." घरी आल्यावर हिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि एकच वाक्य बोलली, "माझ्या मामाला विकून टाळ्या घेतल्या तुम्ही." त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

गाव काही दुष्ट नव्हतं. गावाला फक्त एक नवी गंमत मिळाली होती. भारेवाल्या बायका आता विचारू लागल्या, "मामा, अंगारा लावून आलाय न्हवं?" पारावरची मंडळी ते दिसले की तोंडानं "ठो" करत. आणि हेडमास्तरांनी तर जुना हिशेब चुकता केला. मामा वेशीतून निघाले की ते शाळेच्या कट्ट्यावर दोन्ही हात वर करून उभे राहायचे. सगळे हसायचे, मामाही हसायचे आणि पळत राहायचे. पण ते पूर्वीसारखे उडत नव्हते. आठ-दहा दिवसांनी ते तळ्यापर्यंत न जाता ओढ्यावरूनच परत फिरू लागले, मग देवळापासून, आणि एक दिवस निघालेच नाहीत. मामींना म्हणाले, गुडघा धरलाय. मी रोज ठरवत होतो की जाऊन पाय धरावेत. रोज शाळा सुटायची आणि मी दुसरीकडं कुठंतरी जायचो.

शेवटी मामांनीच मला बोलावणं पाठवलं. मी उंबऱ्यातच म्हणालो, "मामा, माझं चुकलं." ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय, येक अर्ज लिवून द्या." हत्यार कायमचं जमा करायचं होतं, परवाना रद्द करून घ्यायचा होता. अर्ज सांगलीला कलेक्टर कचेरीत द्यायचा. मी कागद घेतला, मायना लिहिला, तपशील लिहिला आणि थांबलो. "कारण लिहावं लागेल, मामा." मामा म्हणाले, "लिवा की. त्यात गोळी न्हाई ते आता समद्यास्नी ठावं झालंय, तवा उपेग न्हाई." माझा हात काही हलेना. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि घाईघाईनं म्हणाले, "नगं, नगं. तसं नगा लिवू. सायेब इचारल, कुनी सांगितलं म्हनून. तुमचं नाव हुईल फुकट. सरकारी नोकरी तुमची. तब्येत बरी न्हाई म्हना." मी लिहिलं: प्रकृतीच्या कारणास्तव. सही त्यांनी केली. त्या कचेरीत कुठल्यातरी गठ्ठ्यात तो कागद अजून असेल आणि त्यावरचं अक्षर माझं आहे.

अर्ज देऊन, हत्यार जमा करून सांगलीहून परत येताना एसटीत मामा खिडकीशी बसले होते. रिकाम्या कमरेवर त्यांचा हात सारखा जात होता. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, उद्यापासून मी येतो तुमच्याबरोबर पळायला." मामा माझ्याकडं वळले. "खरं म्हनताय?" "अगदी खरं. रोज येणार." त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझाच अभिमान वाटला. "मग काय काळजी न्हाई," ते म्हणाले. "दोगं आसल्यावर कशाला पायजे हत्यार? आदीच का न्हाई सुचलं आपल्याला!" आणि त्यांनी पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसालाही सांगून टाकलं, "आमचं जावाय हायत. उद्यापास्नं पळनार माज्यासंगं."

मी नऊ दिवस गेलो. ते नऊ दिवस फार चांगले गेले. मी धापा टाकत असे आणि मामा जागच्या जागी उडत माझ्यासाठी थांबत असत. कुणी "ठो" केलं की ते माझ्याकडं बोट दाखवून म्हणत, "आता भरल्यालं हाय रं, गड्यांनो!" आम्ही पुन्हा तळ्यापर्यंत पोचू लागलो. दहाव्या दिवशी सहामाही परीक्षा सुरू झाली. मी मामांना सांगितलं, "पेपर आहेत, तपासणी आहे, आठवडाभर जमणार नाही. नंतर येतो." मामा म्हणाले, "आवं, आदी काम. पळनं कुठं पळून चाललंय?" परीक्षा झाली, पेपर झाले, दिवाळीची सुट्टी लागली, आम्ही दहिवडीला जाऊन आलो. परत आलो तेव्हा थंडी पडली होती. पहाटे उठवेना. उद्यापासून जाऊ असं मी रोज म्हणायचो. मामांचं घर माझ्या शाळेच्या वाटेवर होतं, आणि त्यांच्यासमोरून कुठल्या तोंडानं जायचं म्हणून मी मागच्या बोळातून शाळेत जायला लागलो. मंडपात एकदा जीभ घसरली, ते मी कसंतरी स्वतःला माफ करीन. हे बोळातून जाणं मात्र मी रोज विचार करून, ठरवून केलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

माघात मामांच्या अंगठ्याला जखम झाली. ती भरेना. मिरजेला नेलं, आधी अंगठा काढला, मग घोट्यापासून पाय. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, हेडमास्तरांची केली आणि पळण्याचा विषय काढला नाही. मुलगा येऊन त्यांना तिकडं कोइमतूरला घेऊन गेला. वर्षभरानं मामी एकट्याच परत आल्या.

आम्ही दोघं भेटायला गेलो. ही मामींच्या गळ्यात पडून रडली. मी खाली बघत बसलो होतो. मामींनी डोळे पुसले, चहा टाकला आणि चुलीपुढं बसून मामांच्या एकेक गोष्टी सांगू लागल्या. सांगता सांगता मला म्हणाल्या, "तुमच्यावर लय जीव त्येंचा. अंगठ्याला जखम व्हायच्या आदी म्हैनाभर रोज उजाडलं की बूट घालून हितं कट्ट्यावर बसायचं. आट वाजंपत्तूर बसायचं. मी म्हनायची, आवं, जावाय काय आता येत न्हाईत, काडा ते बूट. तर मलाच रागं भरायचं. म्हनायचं, 'येत्याल की. परीक्षा चाललीय त्यांची. मास्तरमानूस, सवड न्हाई गावत.'"

आमची सहामाही परीक्षा दिवाळीच्या आधीच संपते. मामी सांगत होत्या ते पौषातलं होतं.